चौथ्या उद्गारानंतरचं गीत

डिलाईल रोडच्या मराठी चर्चच्या मंडळीत कमिटीच्या एरवीच्या मीटिंगांना चहावाल्यासकट चार माणसं जमतात. एका मीटिंगला मात्र खुर्च्या कमी पडतात, आणि ती म्हणजे उत्तम शुक्रवारचे उद्गार वाटायची मीटिंग. लोकांना त्या दिवशी भक्तीचं भरतं येतं असं नाही. ते भीतीने येतात.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, ह्या चर्चमध्ये दुपारी बारा ते तीन उपासना असते. ख्रिस्त क्रुसावरून सात वेळा बोलला. त्या सात उद्गारांवर मंडळीतल्या सात जणांनी उठून बोलायचं, आणि प्रत्येकाचं बोलणं झालं की एक गीत. पहिला उद्गार, 'हे बापा, त्यांना क्षमा कर', सगळ्यांना हवा असतो. तेव्हा लोक जागे असतात, आणि क्षमेवर कोणीही बोलू शकतं. खोलीच्या वाटणीवरून सख्ख्या भावाशी वर्षानुवर्षं अबोला धरलेली माणसंही फार छान बोलून गेली आहेत. दुसऱ्यात पश्चात्ताप पावलेला चोर आहे, त्यामुळे गोष्ट आयती मिळते. तिसरा आईचा आणि मुलाचा, तो बायकांकडे जातो. पाचवा तहानेचा. तो पालिकेच्या पाणीखात्यातले एक गृहस्थ रिटायर झाले तरी सोडायला तयार नाहीत. सहावा छोटा आहे आणि सातवा पाळकाचा.

राहतो चौथा. 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' ह्याच्या वाटेला कोणी जात नाही. देवाच्या पुत्रालाच देवाने टाकलं, हे भर दुपारी उपाशीपोटी लोकांना समजावून सांगायचं म्हणजे खायचं काम नाही. म्हणून कधीतरी ह्या मंडळीत प्रथा पडली की जो मीटिंगला गैरहजर, त्याच्या गळ्यात चौथा उद्गार. तेव्हापासून ताप आलेली माणसंही गोळी घेऊन मीटिंगला यायला लागली.

ह्या वर्षी कालिंदी सोनवणे आल्या नाहीत.

सेक्रेटरी अजित लोंढे ह्यांनी नेहमीच्या उत्साहात नावं वाचली, चौथ्यापुढे 'कालिंदीबाई' म्हटलं, दोघंतिघं सवयीने हसले, आणि घरी पोचायच्या आत अजितरावांनी ते व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकूनही दिलं, खाली हात जोडलेलं चित्र. मग त्यांच्या बायकोने ते वाचलं आणि विचारलं, "तुम्हाला काही अक्कल?" अजितरावांनी घाईघाईने मेसेज काढून टाकला. त्यामुळे ग्रुपवर नुसतं 'हा मेसेज डिलीट केला आहे' एवढं उरलं, आणि त्याच्याखाली कालिंदीबाईंचं उत्तर: 'आमेन. स्वीकारते.'

कालिंदीबाईंचा एकुलता एक मुलगा, सौमित्र, गेल्या मे महिन्यात गेला होता. रक्ताचा कॅन्सर. चोविसाव्या वर्षी.

"साहेब, माझं चुकलं," अजितरावांनी पाळकांना फोन केला. "हॅबिट हो. तोंडातून निघून गेलं. तुम्ही जाऊन जरा सेट करा ना. तिसरा देतो म्हणावं त्यांना." मग त्यांचं त्यांनाच कळलं. "नको, तिसरा पण नको. साला एक पण देता येत नाही."

पाळक म्हणजे रेव्हरंड विनीत पारधे. वय बेचाळीस, अंगाने किरकोळ, आवाज मात्र शरीराला न शोभणारा भारदस्त. ह्या मंडळीत त्याला सहावं वर्ष होतं. उपदेशक म्हणून तो बरा होता, पण त्याचं खरं नाव होतं ते उपासना बसवण्यात. कुठल्या शास्त्रपाठानंतर कुठलं गीत, प्रार्थना केवढी, अर्पणाच्या थैल्या कोणत्या कडव्याला फिरवायच्या, लहान मुलं कधी बाहेर न्यायची, ह्या सगळ्याचा तो गुरुवारपासून विचार करायचा. त्याच्या उपासनेत कोणाला घड्याळाकडे बघावंसं वाटत नसे. सेमिनरीत त्याला शिकवणारे एक म्हातारे प्राध्यापक म्हणायचे, "मंडळीला रिकामी जागा देऊ नका. रिकाम्या जागेत लोक खोकतात." विनीतने हे इतकं मनावर घेतलं होतं की त्याच्या उपासनेत कोणाला खोकायलाही सवड मिळत नसे. कोणी साक्ष देताना घसरलं, कोणाची प्रार्थना शेजाऱ्याच्या उखाळ्यापाखाळ्यांकडे वळली, की तो पेटीवाल्या आनंदाकडे बघून उजव्या हाताचं बोट किंचित वर करायचा. आनंदा सूर धरायचा, मंडळी उभी राहायची, आणि प्रसंग निभावून जायचा. सहा वर्षांत ते बोट आनंदाशिवाय कोणाला दिसलं नव्हतं, अशी विनीतची समजूत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो कालिंदीबाईंकडे गेला. चाळीत तिसऱ्या मजल्यावर, जिन्याजवळची खोली. बाई पालिकेच्या शाळेत शिकवायच्या. टेबलावर पेपरांचा गठ्ठा होता आणि त्या लाल पेन घेऊन बसल्या होत्या. सौमित्रचा फोटो भिंतीवर नव्हता, कपाटावर उभा करून ठेवलेला होता. हार वगैरे आमच्यात घालत नाहीत.

"सलाम, पाळकसाहेब. बसा. चहा टाकते."

"नको बाई, उन्हातून आलोय. पाणी चालेल." तो बसला. "अजितरावांकडून चुकून—"

"चुकून कसं? मी गैरहजर होते. प्रथेप्रमाणे मला आला."

"हो, पण ह्या वर्षी... म्हणजे कोणाचाच तसा हेतू नव्हता. मी करतो चौथा. सातवा तरुणांतल्या उन्मेषला देऊ, नाहीतरी त्याला बोलायला आवडतं."

"मला हवाय तो," कालिंदीबाई म्हणाल्या. "मीटिंगला मी मुद्दाम आले नाही."

विनीतने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. असं काही होईल असं त्याला वाटलं नव्हतं. माणसाच्या दुःखाचं काय करायचं हे त्याला येत होतं. दुःखातल्या माणसाने स्वतःहून बेत आखला की मात्र त्याची पंचाईत व्हायची.

"एकच अट आहे," बाई म्हणाल्या. "माझ्यानंतर गीत घ्यायचं नाही."

"प्रत्येक उद्गारानंतर गीत असतंच, बाई. तो क्रमच आहे."

"क्रम तुम्हीच लावता ना?"

विनीतने खाली ठेवलेला ग्लास पुन्हा उचलला.

"सौमित्रच्या वेळी," त्या म्हणाल्या, आणि पेनाचं टोपण लावून पेन बाजूला ठेवलं, "तुम्ही शवपेटीपुढे उभे राहिलात आणि म्हणालात, आपला भाऊ सौमित्र शांतपणे प्रभूत विसावला. मी म्हटलं, खोटं आहे. ओरडलेच मी. आठवतं?"

"आठवतं."

"मग तुम्ही आनंदाकडे बघून बोट वर केलंत. एवढंसं. आणि सगळे उभे राहून गायला लागले. चार कडवी. मी ओरडत होते आणि माझं मलाच ऐकू येत नव्हतं. शेजारी उभ्या असलेल्या बायकांनी मला धरून बसवलं, म्हणाल्या, आपण विश्वासणारे, आशा नसलेल्या लोकांसारखं रडायचं नाही. चौथ्या कडव्यापर्यंत मी गप्प झाले होते. मग तुम्ही आशीर्वाद दिलात."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. फळ्यावर लिहून दाखवावं तसं त्या सांगत होत्या, आणि विनीतला तेच जड गेलं.

"तुम्ही होतात वॉर्डात," बाई म्हणाल्या. "पहाटे मी फोन केला, तुम्ही लगेच आलात. ते उपकार मी कधी विसरणार नाही. पण तुम्ही होतात. तुम्ही बघितलंत."

तो होता. परळच्या त्या हॉस्पिटलमध्ये, पडद्याच्या आत, पलंगाच्या पायथ्याशी उभा. त्याने जे बघितलं ते त्याने घरी बायकोला, प्रितीलाही सांगितलं नव्हतं. दुपारी अंत्यविधीचा कागद पुढे घेतला तेव्हा त्यात जे वाक्य असतं ते त्याने वाचलं, बस. ते वाक्य तो सगळ्यांसाठी वाचायचा. लोकांना त्याने बरं वाटायचं, ते नंतर हात हातात घेऊन सांगायचेही. आणि ज्या ज्या शवपेटीपुढे त्याने ते वाचलं होतं, त्या प्रत्येक घरात आता प्रश्न पडणार होता, जर ह्या बाई उत्तम शुक्रवारी उभ्या राहून म्हणाल्या की पाळकसाहेब खोटं बोलले.

"तुम्ही काय बोलणार आहात?" त्याने विचारलं. शक्य तितकं सहज विचारलं.

"अजून ठरवलं नाही. पण नंतर गीत नको."

"बरं," विनीत म्हणाला. "गीत नाही."

खाली उतरल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण उद्गार परत घ्यायला गेलो होतो आणि वर आणखी एक वचन देऊन आलो.

आनंदाला सांगणं त्याहून अवघड गेलं. आनंदा शाळेची बस चालवायचा आणि वीस वर्षं पेटी वाजवत होता. पेटीबद्दल कोणी काही बोललं की तो घरातल्या बाईबद्दल बोलल्यासारखा गंभीर व्हायचा.

"गीत नाय? मग मी काय करू?"

"बसायचं. मौन आहे तिथे. क्रमपत्रिकेत छापतोय मी, मौन."

"किती वेळ?"

"दोन मिनिटं."

"दोन मिनिटं लय होतात, साहेब. दोन मिनिटं हुतात्म्यांना देतात. पब्लिक समजेल लाईट गेली."

"समजू दे."

"आणि काय गडबड झाली तर? तुम्ही बोट करणार ना?"

"नाही करणार," विनीत म्हणाला, आणि आनंदाने मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती.

मधल्या दिवसांत विनीतने कालिंदीबाईंना दोनदा फोन केला. एकदा वेळेची आठवण द्यायला, एकदा काही संदर्भाची पुस्तकं हवीत का विचारायला. दुसऱ्या वेळी त्यांनी एक भाष्यग्रंथ मागितला, तो त्याने स्वतः नेऊन दिला, आणि दारातून टेबलावर काही लिहिलेलं दिसतंय का ते बघून घेतलं. दिसलं नाही. त्याची त्याला लाज वाटली, पण फार नाही. मौनानंतर लगेच विश्वासांगीकार म्हणून घ्यावा असं त्याने एकदा क्रमात लिहिलं, म्हणजे त्या काहीही बोलल्या तरी मंडळी उभी राहून 'मी विश्वास धरतो' म्हणेल आणि सगळं पुन्हा जागेवर येईल. मग त्याला कळलं की हेही बोटच आहे, फक्त लांबून दाखवलेलं. त्याने ते खोडलं.

प्रितीने कागदावर नजर टाकली. "मौनानंतर काय?"

"पाचवा उद्गार."

"आणि तू?"

"मी काय? मी बसलेला असेन."

"बस की मग," ती म्हणाली, आणि डबे भरायला गेली.

उत्तम शुक्रवारी चर्च भरलं. एरवी रविवारी जी माणसं दिसत नाहीत, डोंबिवलीला आणि पनवेलला राहायला गेलेली, तीही पांढरे कपडे घालून आली होती. पंखे गरम हवा एका बाजूने दुसऱ्या बाजूला ढकलत होते. पहिल्या बाकावर नेहमीप्रमाणे उद्गार बोलणारे बसले होते, आणि त्यांच्यात नेहमीप्रमाणे रमाआजी. रमाआजींना कोणी उद्गार दिला नव्हता. त्यांना ऐकू येत नव्हतं म्हणून त्या पुढे बसायच्या. कानाचं यंत्र त्यांच्याकडे होतं, पण सेल संपेल म्हणून त्या ते पाकिटात ठेवायच्या. क्रमपत्रिका त्या वाऱ्यासाठी वापरायच्या, कारण वाचता येत नव्हतं. उपासना कुठवर आली हे त्यांना लोक उभे राहिले की कळायचं. लोक उभे म्हणजे गीत, गीत म्हणजे अजून आहे. उत्तम शुक्रवारी शेवटच्या उद्गारानंतर गीत नसतं, आशीर्वादही नसतो. सगळे गप्प बसतात आणि मग एकेक करून निघतात. असे साठ तरी उत्तम शुक्रवार त्यांनी काढले होते, आणि एकदाही अंदाज चुकला नव्हता.

पहिला उद्गार अजितरावांनी घेतला आणि वेळ ओलांडली. क्षमेबद्दल बोलताना त्यांनी सोसायटीच्या चेअरमनचे सगळे अपराध मोजले, नाव घ्यायचं राहून गेलं एवढंच. दुसरा ठीक झाला. तिसऱ्याला बोलणाऱ्या बाई आई आणि मुलगा म्हणताना सारख्या कालिंदीबाईंकडे बघत होत्या आणि बघितल्यावर वाक्य विसरत होत्या. गीत झालं. मंडळी खाली बसली.

कालिंदीबाई उठल्या. विनीत व्यासपीठावर बाजूच्या खुर्चीत होता.

व्यासपीठावरच्या टेबलापाशी जाऊन त्यांनी वचन वाचलं. मग दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि बोलायला लागल्या. म्हणाल्या, हा उद्गार बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. ते स्तोत्र आक्रोशाने सुरू होतं आणि स्तुतीने संपतं. पहिली ओळ म्हणणाऱ्याला शेवटची ओळही ठाऊक असते. ह्यावरून आपण तीन गोष्टी शिकतो. त्यांनी त्या तीन गोष्टी सांगितल्या. नीट, सुस्पष्ट, शाळेत सांगावं तशा. विनीतला तिसऱ्या गोष्टीतलं एक अख्खं वाक्य ओळखीचं वाटलं. ते त्याने दिलेल्या ग्रंथातलं होतं, आणि त्याच्याखाली त्यानेच कधीतरी पेन्सिलीने रेघ ओढलेली होती.

त्या एवढंच बोलल्या. सौमित्रचं नाव आलं नाही. 'खोटं' हा शब्द आला नाही. वेळेच्या आधीच संपवून त्या खाली आल्या आणि रमाआजींच्या शेजारी जाऊन बसल्या. हातातला रुमाल त्यांनी मुठीत आवळला होता. ऐन वेळी त्यांचा धीर सुटला होता. हे बाकावरच्या कोणाला कळलं नसेल, विनीतला कळलं.

त्याला हायसं वाटलं. मग हायसं वाटल्याचा राग आला. पण हायसं आधी वाटलं, हे खरं.

आणि मौन सुरू झालं.

कोणी खोकलं. मग आणखी कोणी. प्राध्यापक म्हणाले होते ते अगदी बरोबर होतं. मागच्या बाकांवर कागदांची चाळवाचाळव झाली, लोकांनी 'मौन' हा शब्द बोट ठेवून वाचला. आनंदा पेटीपुढे, हात मांडीवर ठेवून, विनीतकडे बघत बसला. गल्लीतून भंगारवाल्याची आरोळी आली आणि गेली.

रमाआजी इकडेतिकडे बघत होत्या. कोणी उभं राहत नव्हतं. सगळे माना खाली घालून गप्प होते. म्हणजे झालं. ह्या वर्षी लवकर आटपलं, पण पोरांना आजकाल कशालाच दम नाही. त्यांनी पाकीट काखोटीला मारलं, शेजारी वळल्या, आणि उपासना झाल्यावर माणूस माणसाला विचारतो तसं, म्हणजे त्यांच्या परीने हळू, पण सगळ्या चर्चला ऐकू जाईल असं, म्हणाल्या,

"कालिंदे, वरीस झालं, इचारीन इचारीन म्हनते. पोराला लई तरास झाला का गं शेवटी?"



"आजी, उपासना चालू आहे," कालिंदीबाई पुटपुटल्या.

"आं?"

मागून कोणीतरी "श्श" केलं. अजितराव अर्धवट उठले आणि काय करायचं ते न सुचल्यामुळे तसेच राहिले. आनंदाचे हात पट्ट्यांवर गेले. त्याने भाता थोडा ओढला, पेटीने श्वास घेतला, आणि तो विनीतकडे बघायला लागला.

विनीतने खाली पाहिलं. त्याचा उजवा हात खुर्चीच्या दांडीवरून उचललेला होता आणि बोट वर होतं. ते त्याने केव्हा केलं त्याला माहीत नव्हतं. कालिंदीबाई त्या बोटाकडे बघत होत्या. नजर त्यांनी हटवली नाही, विनवणीही केली नाही. नुसत्या बघत राहिल्या, आता काय होणार हे आधीच माहीत असलेल्या माणसासारख्या.

त्याने बोट मिटलं. हात मांडीखाली घातला आणि त्याच्यावर बसला.

आनंदाने पट्ट्यांवरचे हात काढले.

"काय म्हनलीस?" रमाआजींनी कानामागे तळवा धरला.

"हो!" कालिंदीबाई म्हणाल्या.

"आं? मोठ्यानं बोल."

"हो, झाला! फार झाला त्रास! औषध चालेनासं झालं होतं. आजी, तो पलंगाची दांडी सोडत नव्हता. मला म्हणाला, आई, ह्यांना सांग ना, थांबवा म्हणून. मी कोणाला सांगणार? मी सगळ्यांना सांगितलं. डॉक्टरना सांगितलं, नर्सला सांगितलं, देवाला सांगितलं. सकाळ होईपर्यंत ओरडत होता. आवाज गेला तरी तोंड उघडं होतं त्याचं."

हे सगळं त्यांना ओरडून सांगावं लागलं. एकेक वाक्य, तोडून तोडून, बहिऱ्या माणसाला सांगतात तसं. शेवटच्या बाकापर्यंत प्रत्येक शब्द गेला.

रमाआजींनी ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा बावरला.

"असं हुतं व्हय," त्या म्हणाल्या. "मला कोन बोललंच न्हाई. साहेब तर म्हनले हुते म्हनं, शांत गेला. मला वाटलं, पोरगं झोपंत गेलं. म्हनून मी तुला काय इचारलं न्हाई गं बाई. म्हनलं, शांत गेलंय तर कशाला उगा खपली काढायची."

विनीतने ते ऐकलं. वर्षभर तो मनाशी म्हणत आला होता की त्या वाक्याने कोणाचं काही बिघडलं नाही, उलट चार माणसांना धीर आला. ते वाक्य ऐकून एक अख्खी मंडळी ह्या बाईच्या दाराशी जायची राहिली, हे त्याला आत्ता कळलं. कोणी निर्दय नव्हतं. सगळ्यांनी पाळकावर विश्वास ठेवला होता.

लोक आता त्याच्याकडे बघत होते. रमाआजीही बघत होत्या, पण त्यांच्या नजरेत आरोप नव्हता. त्यांना फक्त दोन्हीतलं खरं कुठलं ते हवं होतं.

तो उठला. टेबलापाशी गेला, कारण सवयीने पाय तिकडेच जात होते.

"आजी," तो म्हणाला, "मी तिथे होतो. बाई सांगतात ते खरं आहे. तो शांतपणे गेला नाही."

"आं?"

माईक पुढेच होता. त्याने तो जवळ ओढला. भोंगा बाहेर गल्लीच्या तोंडाशी लावलेला होता, हे त्याला तेव्हा आठवलं नाही. आठवलं असतं तरी फरक पडला नसता.

"मी खोटं बोललो!" तो म्हणाला. त्याचा तो भारदस्त आवाज छताला लागून परत आला. "सौमित्र शांतपणे गेला नाही. मला माहीत होतं. मी खोटं बोललो, आणि बाई खरं सांगायला लागल्या तेव्हा मी गीत लावलं."

ह्यानंतर काय म्हणायचं असतं ते त्याला येत नव्हतं. अशा जागी म्हणायच्या प्रार्थना त्याला डझनभर पाठ होत्या, त्यातली एकही तोंडाशी आली नाही. तो टेबल धरून उभा राहिला. पहिल्या बाकावरच्या कालिंदीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मान एकदा हलवली, पेपरात एखादं गणित शेवटी बरोबर आलेलं बघून हलवावी तेवढीच.

"ऐकलं आता," रमाआजी म्हणाल्या. पाकीट त्यांनी पुन्हा मांडीवर घेतलं. मग कालिंदीबाईंचं डोकं एका हाताने ओढून आपल्या खांद्यावर घेतलं. "मंग रड की गं. उपासना तर झाली."

आणि कालिंदीबाई रडल्या. रुमाल तोंडात न कोंबता, मोठ्याने, वेड्यावाकड्या आवाजात. आमच्यात असं रडत नाहीत. दुसऱ्या बाकावरची एक बाई पुढे वाकली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि ह्या वेळी गप्प बस म्हणाली नाही. आनंदाने भाता बंद करून खिटी लावली.

घड्याळात दीड वाजून गेला होता. अजून तीन उद्गार बाकी आहेत, हे रमाआजींना कोणी सांगितलं नाही.